चार इंचांची पाठ

६ फेब्रुवारी, मंगळवार

दादास,

हे पत्र मी तक्रार म्हणून लिहिते आहे, तेव्हा ते तेवढ्याच गांभीर्याने वाचावं ही विनंती. माझ्या दुकानाच्या दारावर एक पाटी टांगलेली असते. 'सीट, गाद्या, खुर्च्या. नवीन करून व जुनी दुरुस्त करून मिळतील.' ही पाटी गेल्या आठ दिवसांत तीन वेळा खाली पडली आणि तिन्ही वेळा ती एकाच कपाळाने पाडली. पहिल्यांदा मी खिळा बदलला. दुसऱ्यांदा साखळी आणली. तिसऱ्यांदा ते कपाळ स्वतःच पाटी छातीशी धरून आत आलं आणि नम्रपणे विचारू लागलं, की ताई, ही कुठे ठेवू. मनात आलं ते बोलले नाही, कारण गिऱ्हाईक आहे. बावीस वर्षांत या दाराखालून पोलीस गेले, एक अख्खा तीन माणसांचा सोफा उभा करून गेला, आपली आत्या डोक्यावर फेट्याएवढा अंबाडा घेऊन गेली. पाटी हलली नाही. माणसाने किती उंच असावं याला काही मर्यादा घालणारं खातं असेल, तर त्याचा पत्ता मला हवा आहे.

तू म्हणशील, अकरा वर्षांनी पत्र, आणि ते पाटीबद्दल. हो, पाटीबद्दलच. दुसऱ्या कशाबद्दल असेल अशी आशा धरू नकोस.

हे कपाळ एका वैमानिकाचं आहे. सहा फूट साडेचार इंच. फ्लाइंग क्लबात सगळे त्याला शिडी म्हणतात आणि तो बिचारा ओ देतो. क्लबानं बाबांचं विमान पुन्हा उभं केलंय, हे क्लबाच्या मिस्त्रींनी तुला कळवलं असेलच. तुझा पत्ताही त्यांनीच दिला. मार्चच्या अखेरीस विमानाला पंच्याहत्तर वर्षं होतात आणि त्या दिवशी ते उडालंच पाहिजे असं क्लबाच्या लोकांनी ठरवलंय. त्या जातीचं शेपटीवर बसणारं म्हातारं विमान उतरवायचा परवाना आता आसपास फक्त या शिडीकडे आहे. म्हणजे विमान आंघोळीच्या टबाएवढं आणि वैमानिक दिव्याच्या खांबाएवढा. मधली जी काही तडजोड आहे ती आसनाची, आणि आसनं कोण करतं? मी.

तर काम एवढंच. तू सहा फूट एक होतास. त्या भोकात तू बसायचास कसा? गुडघे कुठे ठेवायचास? हातातला दांडा, पायांनी दाबायच्या पायपट्ट्या, समोरची फळी, सगळ्यांपासूनची अंतरं कळव. मापंच कळव. तब्येत, हवापाणी, नोकरी वगैरे लिहायची गरज नाही.

टाचणी
(हे नाव तूच ठेवलं होतंस. आता गिऱ्हाइकंही माझ्या पाठीमागे तेच म्हणतात. अभिनंदन.)


१९ फेब्रुवारी, सोमवार

दादास,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, त्यामुळे माझा अपमान झाला आहे असं समजू नये.

शिडीला विमानात बसवण्याचा पहिला प्रयोग शनिवारी झाला. जागा तीच, क्लबाची पत्र्याची शेड. पेट्रोलचा वास, फरशीवर तेलाचे नकाशे, आणि मिस्त्रींचं ते बिनपाठीचं स्टूल. आता ते चौऱ्याहत्तरचे झाले तरी स्टूल सोडत नाहीत. विमान तुला ओळखू येणार नाही. नवं कापड, नवा रंग, उजवा पंख तर संपूर्ण नवीन. कारण जुन्याचं काय झालं ते तुला माहीत आहे.

शिडी पंखावर चढला, पाय आत टाकला आणि आसनावर उभा राहिला. एवढं छान झालं. मग बसला. बसला म्हणजे काय, अर्धा बसला आणि उरलेला बाहेर राहिला. गुडघे समोरच्या फळीला टेकले, खांदे दोन्ही कडांना घासले, आणि डोकं पुढच्या काचेच्या इतकं वर, की मिस्त्री म्हणाले, वाऱ्याने याच्या भुवया मागे जातील. मी म्हटलं, याला घडी घालता येईल का? मिस्त्री म्हणाले, घडी घातली की चुण्या पडतात, मग तूच इस्त्री कर. शिडी स्वतःही हसला. मोठा सभ्य माणूस. ज्याला डोकं आपटेल त्याला 'सॉरी' म्हणतो. त्या दुपारी त्याने पंखाच्या तारेला, छताच्या कैचीला आणि दोनदा मिस्त्रींच्या दिव्याला सॉरी म्हटलं.

मग आम्ही आसनाचा तळ काढून तीन इंच खाली बसवला. त्याचे बारा नंबरचे बूट काढून पातळ तळाचे कापडी बूट दिले, कारण बुटाचं नाक वरच्या नळीला अडकत होतं. डोकं काचेच्या बरोबरीला आलं. गुडघे अजून जिथल्या तिथे. पाय कमी करता येत नाहीत, असं त्याने नम्रपणे सांगितलं.

आता उरली पाठ. पाठ जितकी पातळ, तितका माणूस मागे सरकणार. ते बघायला मी आपली जुनी पाठ माळ्यावरून काढणार आहे. आठवते ना? बाबांसाठी केली होती. बाबा पाच फूट तीन इंच, मागे टेकले की पाय पायपट्ट्यांना पोचायचे नाहीत, म्हणून मी चार इंच जाड फोमची पाठ करून त्यांना पुढे ढकललं होतं. तपकिरी रेक्झिन, दुहेरी शिवण, आणि हलू नये म्हणून आसनाच्या सांगाड्याला मेणदोऱ्याने सोळा टाके. माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली वस्तू. बाबांनी ती पाठ आठच दिवस वापरली.

तेव्हाचा विषय निघालाच आहे तर सांगते. तू ते विमान धावपट्टीलगतच्या पंपाच्या भिंतीवर घातल्यापासून आपल्या घरात एक वाक्प्रचार तयार झाला. वारा डावीकडून होता, दांडा डावीकडे गेलाच नाही, असं तू चौकशीत म्हणालास. चौकशीवाल्यांनी दांडा हलवून पाहिला, तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. तेव्हापासून दूध उतू गेलं की आई म्हणते, "दांडा गेला नाही वाटतं." मी उशिरा पोचले की बाबा म्हणायचे, "काय, दांडा?" खुब्याचं हाड मोडून काठी धरलेला माणूस असं म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. सहा वर्षं हसलो. बाबा गेले तेव्हा तू फाटकापर्यंत आलास. आत ये असं मी म्हटलं नाही. ते मी अजूनही म्हटलेलं नाही.

मापं पाठव.

टाचणी


२१ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

मी हे एका दमात लिहिते आहे. मध्ये थांबले तर पुढचं वाक्य सुचणार नाही.

काल दुपारी तीनच्या सुमाराला शेडमध्ये मी जुनी पाठ आसनात लावून पाहिली. टाके घातले नाहीत, नुसती अडकवली. शिडीला म्हटलं, ही फक्त नमुन्याला आहे, हिच्यावर टेकून बसा, मग किती इंच कापायचं ते मला कळेल. तो बसला. अवघडून बसला, चार इंच पुढे ढकलला गेल्यामुळे गुडघे बाहेर फाकले. तरी बसला. दांडा फिरवला. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे. सगळीकडे गेला. मी पेन्सिल काढली.

मिस्त्री म्हणाले, पाय नुसते ठेवू नका, वापरा. वारा डावीकडून आहे असं धरा आणि उतरा.

तुला हे सांगायला नको, पण मला ते काल पहिल्यांदा कळलं. वारा डावीकडून असला की डावा पंख खाली दाबायला दांडा डावीकडे रेटायचा आणि विमानाचं नाक सरळ राहायला उजवा पाय पुढे रेटायचा. पायपट्ट्या एकमेकींना बांधलेल्या. उजवी पुढे गेली की डावी मागे येते, डावा पाय मागे येतो, आणि डावा गुडघा वर उठतो.

शिडीने उजवा पाय पुढे दाबला. डावा गुडघा वर आला आणि फळीच्या खालच्या कडेत जाऊन बसला. मग त्याने दांडा डावीकडे नेला.

दांडा त्याच्या मांडीवर आपटला आणि थांबला.

त्याने जोर लावला. नाही. मिस्त्रींनी बाहेरून हात घालून ओढला. नाही. निम्म्यावर थांबला होता आणि तिथेच राहिला. शिडी म्हणाला, "जात नाही हो ताई." अगदी साध्या आवाजात. त्याला काय माहीत.

मी त्याला पाय सोडायला सांगितलं. दांडा गेला. पुन्हा पाय दाबायला सांगितलं. अडला. पुन्हा सोडा. गेला. पुन्हा. मी किती वेळा करायला लावलं ते मोजलं नाही, पण शेवटी तो घामाघूम झाला. मी त्याच्यावर अविश्वास दाखवते आहे असं वाटून त्याने विचारलं, "ताई, माझं काही चुकतंय का?" मी म्हटलं नाही. मग पाठ काढली, नुसत्या पत्र्यावर बसवलं. उजवा पाय पुढे, दांडा डावीकडे. गेला. शेवटपर्यंत गेला. शिडी तुझ्याहून साडेतीन इंच उंच आहे, शिवाय त्याचं आसन आम्ही खाली घेतलंय, हे मी धरून चालले आहे. तुझी मापं त्याच्यासारखी नाहीत. पण माझी पाठ तीच आहे.

मिस्त्री स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चौकशीच्या वेळी दांडा कुणी हलवला, माहीत आहे ना पोरी? मीच बसलो होतो त्यात. नुसत्या पत्र्यावर. पाच फूट दोन इंचांचा मी. हलवला, आणि मोकळा आहे म्हणून सही केली."

नुसत्या पत्र्यावर. कारण पाठ तिथे नव्हती. पाठ मी नेली होती. अपघाताच्या दिवशीच संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन दाभणाने टाके उसवले आणि ती घरी आणली. रेक्झिनवर तेल सांडलं होतं, धुवायची होती. हेच कारण होतं. मला तेवढंच आठवतं.

तू त्या दिवशी पाठीबद्दल काही बोलला होतास का? मला आठवत नाही.

घरी आले आणि एका दंतवैद्याच्या खुर्चीचं कव्हर शिवायला घेतलं. सकाळी पाहिलं तर पूर्ण उलटं शिवलंय. आतली बाजू बाहेर. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते उसवायचं बाजूला ठेवलं आणि हे पत्र लिहायला बसले.

टाचणी


८ मार्च, शुक्रवार

दादा,

तुझं कार्ड आलं.

पेन्सिलीने काढलेलं आसन, बाजूने आणि वरून. अंतरांचे आकडे. आणि खाली एक ओळ. 'पाठ एक इंचाच्या वर नको. दांड्याला डावीकडे जागा आहे की नाही हे उजवा पाय पूर्ण पुढे असताना मोज.'

टपालाच्या शिक्क्यावरची तारीख सोळा फेब्रुवारी आहे. पत्ता अर्धवट असल्यामुळे कार्ड कुठेतरी भटकत राहिलं. म्हणजे हे तू माझ्या पहिल्या पत्राला लिहिलंस. पाटीच्या तक्रारीला. शेडमध्ये काय झालं ते तोवर मलाही माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं.

ते कार्ड हातात धरून मी दुकानाच्या पायरीवर बसले. शेजारचा घड्याळवाला बाहेर येऊन विचारू लागला, काय झालं, कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग ऊन लागेल. मी आत आले.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं आहे. ते दुरुस्त करते. मला सगळं आठवतं.

सकाळी साडेनऊ वाजता. तू कॉकपिटमध्ये बसलास, उतरलास, आणि मला म्हणालास, "टाचणी, ही पाठ काढ. मला बसवत नाही." मी म्हटलं, सोळा टाके आहेत, मेणदोरा आहे, एका चकरेसाठी मी उसवणार नाही. तू म्हणालास, गुडघा अडकतो. मी काय म्हटलं? "एवढा लांब झालायस त्याला मी काय करू? मुकाट्याने बस." पुढच्या, प्रवाशाच्या आसनावर बाबा आधीच पट्टा बांधून बसले होते, त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. हसले मात्र होते. क्लबातले पाचसात लोक बघत होते आणि मला ती पाठ सगळ्यांना दाखवायची होती. तू पुन्हा बसलास.

चौकशीच्या खोलीत त्या अधिकाऱ्याने तुला विचारलं, दांडा का गेला नाही असं तुम्हाला वाटतं? तू भिंतीशी बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलंस. चांगलं क्षणभर पाहिलंस. मग म्हणालास, सांगता येत नाही. मला वाटलं, लाज वाटते आहे म्हणून बघतोयस. मला तेव्हा तुझी कीव आली होती. हे वाक्य दोनदा खोडलं, तरी लिहिते. मला तुझी कीव आली होती.

मग त्याने मला विचारलं, आसनात काही बदल केला होता का. मी म्हटलं, नाही, नेहमीचंच आसन. पाठ तेव्हा माळ्यावर होती. धुतलेली.

मी तुला विचारणार नाही की तू का बोलला नाहीस. विचारलं तर तू उत्तर देशील, आणि ते मला पेलायचं नाही.

आईला काल सांगितलं. ती खुर्चीत शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं, पाठ, टाके, गुडघा, सकाळचं बोलणं, चौकशीतलं उत्तर. तिचे हात थांबले नाहीत. माझं बोलून झाल्यावर ती सोलतच राहिली, टोपली संपेपर्यंत. मग मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सुरू केलं. तर म्हणाली, "ऐकलं मी." थोड्या वेळाने विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

मी म्हटलं, नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. टरफलं गोळा करून उठली, दोन पावलं गेली, आणि तशीच माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "नाही. बरं नाही झालं. ते त्याला हाक मारून गेले असते."

त्यानंतर ती माझ्याशी फक्त कामाचं बोलते. मीठ, किल्ली, दार. रागावली आहे की हादरली आहे मला कळत नाही. मला स्वतःचंही कळत नाही. दिवसभर काम करते, आणि मधेच कात्री हातात घेऊन उभी राहते, आणि विचार करते की कोण बाई आहे ही, बावीस वर्षं लोकांच्या पाठी नीट टेकवते.

एक इंचाची पाठ करायला घेतली आहे. टाके घालणार नाही. दोन बकल लावते, कुणालाही एका हाताने काढता येतील अशी.

टाचणी


४ एप्रिल, गुरुवार

दादा,

रविवारी विमान उडालं.

माणसं बरीच जमली होती. भाषणं झाली, क्लबाचे अध्यक्ष माइकला इतके चिकटले, की एका बाईने मला विचारलं, हेच उडणार का. आई आली होती. घरची घडीची खुर्ची घेऊन, कुंपणाला लागून बसली. मी तिच्यामागे उभी होते. शिडी चालत आला तेव्हा लोक हसले. एवढा मोठा माणूस आणि ते एवढंसं विमान, चपलेच्या खोक्यात छत्री ठेवावी तसं. तो पंखावर चढला, आत उतरला, बसला. मिस्त्रींनी वर चढून त्याच्या पायांकडे पाहिलं. उजवा पाय पुढे दाबायला लावला, दांडा डावीकडे न्यायला लावला, स्वतःच्या हाताने फळी आणि गुडघ्यामधलं अंतर मोजलं. मग इंजिन सुरू करायच्या आधी पुन्हा एकदा. लोक कंटाळले. कुणीतरी म्हणालं, म्हातारा फारच घाबरट आहे. मी त्या माणसाकडे बघितलं. तो दोन पावलं मागे सरला.

वर जाणं सोपं झालं. तीन चकरा मारल्या. उतरायच्या वेळी वारा उठला, आणि कुठून उठावा? मी ती कापडी पिशवी बघत होते, वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर लावतात ती. फुगली आणि आडवी झाली. डावीकडून. मला वाटलं आई बघत नाही. तिचा हात मागे आला आणि माझं मनगट सापडेपर्यंत हवेत फिरला.

विमानाचा डावा पंख खाली गेला. नाक सरळ राहिलं. डावं चाक आधी टेकलं, मग उजवं, मग शेपूट. पंपाच्या भिंतीपासून बरंच अलीकडे थांबलं. एवढंच झालं, दादा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काही घडलंच नाही. इतकं सोपं होतं ते. चार इंच काढले की इतकं सोपं होतं.

शिडी उतरल्यावर मला शोधत आला. पाठ फार छान झाली म्हणाला. मी त्याला सांगितलं नाही काही. त्याला आसनाचे आभार मानायचे होते, मानू दिले.

सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी मी विमान-चौकशीच्या कार्यालयात गेले. तिसरा मजला, लांब बोळ, शेवटची खोली. तिथला कारकून बारीकसा, कानावर पेन्सिल. मी तुझ्या प्रकरणाचं वर्ष सांगितलं. त्याने कपाट उघडलं, फाईल काढली, धूळ झटकली, आणि म्हणाला, ही बंद आहे. मी म्हटलं, उघडा. तो म्हणाला, बंद फाईल उघडत नाही. मी तिथेच उभी राहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "उघडत नाही, पण शेवटी एक निवेदन जोडता येतं. कुणी जोडायला येत नाही, म्हणून लोकांना माहीत नसतं. माझ्यासमोर हाताने लिहून द्यावं लागेल."

मी घरून टाइप करून नेलं होतं. ते चालेना. ऑफिसातले कागद संपलेले. त्याने स्वतःच्या पिशवीतून कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा काढला आणि वरचा मला दिला.

पहिल्यावर मी लिहिलं, 'माझ्याकडून अनवधानाने'. फाडला. दुसरा मागितला. त्यावर लिहिलं, 'वैमानिकाने उड्डाणापूर्वी स्वतः तपासणं अपेक्षित असलं तरी'. खरं आहे ते. तू वैमानिक होतास, तू बसायला नको होतंस. पण ते मी लिहायचं नाही. फाडला. तिसरा मागताना मला शरम वाटली. त्याने गठ्ठ्यातला पुढचा काढून दिला.

तिसऱ्यावर मी एवढंच लिहिलं: की आसनाची पाठ मी केली होती, ती चार इंच जाड होती आणि सोळा टाक्यांनी बांधलेली होती. वैमानिकाने उड्डाणापूर्वी ती काढायला सांगितली, मी नकार दिला. अपघातानंतर त्याच दिवशी ती मी काढून नेली. चौकशीत विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. ती पाठ लावून आणि उजवा पाय पुढे ठेवून पाहिलं असता दांडा डावीकडे जात नाही, हे मिस्त्रींनी आणि आणखी एका वैमानिकाने माझ्यासमोर पाहिलं आहे. पाठ सोबत जमा करत आहे.

मिस्त्रींनी खाली त्यांच्या सहीने दोन ओळी जोडल्या. ते माझ्याबरोबर आले होते, बाहेर बाकावर बसले होते.

कारकुनाने तुझ्या फाईलच्या शेवटी कागद लावला, पंच केला, दोरी ओवली. पाठ घेऊन ठेवायला त्याच्याकडे मोठं कपाट नव्हतं, म्हणून त्याने ती भिंतीशी उभी केली. खोलीतली सगळ्यात चांगली वस्तू दिसत होती.

निवेदनाची नक्कल या पत्राबरोबर आहे. ती वाचून तू काय करावंस हे मी सांगणार नाही. आईने तुझा नंबर मिस्त्रींकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतला आहे. अजून फिरवलेला नाही. चिठ्ठी मात्र दिवसातून चारदा उघडून बघते, आकडे बदलले नाहीत ना म्हणून. तिचा फोन आला तर उचल. माझा आला तर नाही उचललास तरी चालेल.

आज सकाळी दुकान उघडण्याआधी मी पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर गेले. कारकून यायचा होता, झाडणाऱ्या बाईने दार उघडलं होतं. त्याच्या टेबलावर तीन कोरे कागद ठेवले, पंख्याने उडू नयेत म्हणून वर त्याचं पंच मशीन ठेवलं, आणि जिना उतरून दुकानात आले.

टाचणी